गोळीनंतर बारा तास

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

झालं! जांबोटीला आमचं पहिलं रक्त घेणं झालं! मी चार माणसं धरली होती, आली अकरा. एक जण तर आतल्या वाडीतून दोन तास चालत आला आणि ओट्यावर बसून आधी चहा मागितला.

हे सगळं नीट लिहून ठेवते. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्या माणसाची रक्तातली लेव्हल बघायची तर शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घ्यावं लागतं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला सुई. जांबोटीच्या रानातल्या माणसानं सकाळी नऊला बेळगावात कसं पोचायचं? बस मिळाली तर मिळाली. मग माणसं तपासणी चुकवतात. तपासणी नाही म्हणून डोस ठरत नाही, डोस ठरत नाही म्हणून भीती, आणि भीतीनं एक दिवस गोळीच बंद. त्याच्या पुढचं मला कुणी सांगायला नको.

मी स्वतः सहा वर्षं लिथियमवर आहे. बायपोलर. निपाणीत असताना मी जीव द्यायला निघाले होते, आईमुळे वाचले. त्याबद्दल एवढंच. बेळगावच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते तिथं हे कुणालाच ठाऊक नाही. डॉ. हलगेकर मॅडम मनोविकारतज्ज्ञ, माझे उपचार त्यांच्याकडेच; त्यांच्या दवाखान्यात मी रक्ताचे नमुने न्यायला जाते असंच सगळे समजतात.

परशराम आप्पांशी ओळख त्याच दवाखान्यात झाली. गुंजीचे, रेल्वेत गँगमन होते, लिथियमवर बावीस वर्षं. जांबोटीतली जागा त्यांनीच मिळवली, त्यांचे मेहुणे भरमू मामांच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी. आज आप्पा रस्त्यावर उभं राहून एकेकाला बोलवत होते, "या, या, भ्यायाचं न्हाय. बावीस वरसं रक्त देतोय, अजून शिल्लक हाय माझ्यात."

लॅबच्या पेटीत सगळ्याच तपासण्यांच्या ट्यूबा असतात, आणि भरमू मामांना त्यांची रंगीत झाकणं फार आवडली. म्हणाले, "ही हिरवी चांगली दिसत्यात, ह्यात घ्या माझं." मी सांगितलं, लिथियमसाठी हिरवी कधीच नाही. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून जे घातलेलं असतं त्यातच लिथियम असतं, लेव्हल भलतीच चढलेली दिसते. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण. म्हाताऱ्या मामांनी मान हलवली आणि लाल झाकणाची मागितली, म्हणे निदान रंग तरी हवा.

दर दुसऱ्या रविवारी जायचं. सरांनी परवानगी दिलीय. लॅबचे सर एरवी सहजासहजी होय म्हणणारे नव्हेत!

१४ नोव्हेंबर

आज वाईट झालं. एका आजींची शीर दोनदा चुकली. माझा हात थरथरत होता. लिथियमनं थोडं थरथरतंच, पण दिवाळीपासून जास्त झालंय. आजी म्हणाल्या, "बाळ, तुला थंडी वाजत्याय काय?" सर मागेच उभे होते. माझ्या हाताकडे बघत राहिले.

रक्त काढणारीचा हात थरथरला तर तिनं काय करायचं? आईनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर उभं राहून राबून आम्हाला शिकवलं. या हातासाठीच ना?

१८ नोव्हेंबर

दोनऐवजी एकच गोळी घ्यायला लागलेय. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही. आणि लोकांना जे शिकवते ते मला लागू नाही असं थोडंच आहे? फक्त थोडे दिवस. हाताचं बघायचंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

जांबोटीत सतरा! आणि एकही शीर चुकली नाही.

१ डिसेंबर

पाच दिवस झाले, गोळी पूर्ण बंद आहे. आज सकाळी भरलेला पेला तळहातावर धरून बघितला. पाणी हललं नाही. असा हात सहा वर्षांत नव्हता. मी आरशासमोर हसत होते तर आई दारात. "काय गं?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, खूष आहे." तिनं आत येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१० डिसेंबर

किती दिवसांनी डोकं एवढं स्वच्छ आहे! रंगसुद्धा जास्त रंगीत दिसतात. टिळकवाडीतून येताना एका भिंतीवरच्या बोगनवेलीसाठी स्कूटर थांबवली. तीन तास झोप पुरते आणि उठते ती ताजीतवानी. सूर्य उगवायच्या आधी जांबोटीचं पत्रक लिहून झालं, मराठीत आणि कन्नडमध्ये. मग वाटलं जांबोटीच का? कणकुंबी का नाही? गुंजी, लोंढा, नंदगड? नकाशा काढला. तीस गावं बसतात! तीस गावांत एकही माणूस तपासणीवाचून राहणार नाही, एकही जण जीव देणार नाही, हे अगदी सोपं आहे, आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

दादाला फोन केला. संघर्षदादा आमचा इंजिनिअर, हिंडलग्याला राहतो. मी अर्धा तास बोलले. तो म्हणाला, "पारू, गोळ्या चालू हायत न्हवं?"

इतक्या मोठ्या गोष्टीवर एवढंच! त्याला माझं काही मोठं झालेलं बघवत नाही की काय.

२२ डिसेंबर, रविवार

एकोणतीस. मी आता साखरेची आणि रक्तगटाचीही तपासणी सुरू केलीय, माणूस आला आहे तर सगळंच होऊन जाऊ दे. आप्पा म्हणाले, "पोरी, जरा दमानं." मी हसले. दमानं घेतलं असतं तर हे झालंच नसतं.

जाताना त्यांनी विचारलं, "तुझी लेव्हल किती आली गं ह्या म्हयन्याला?"

मी ट्यूबा मोजत होते. म्हटलं, "शून्य पूर्णांक सात."

"चांगली हाय," म्हणाले. मग ओट्यावर जाऊन बसले. थकले असतील, वय झालंय.

३० डिसेंबर

तालुका आरोग्य कार्यालयात गेले, साहेबांना तीस गावांचा नकाशा दाखवला. ते म्हणाले, "आप बैठिए, पानी लीजिए." मी उभी राहूनच बोलले, बसायला वेळ कुणाला आहे? बाहेर आल्यावर आईचे सात मिस्ड कॉल. घरी आल्यावर तिचं एकच, जेवलीस का, झोपशील का. मी ओरडले तिच्यावर. चूक तिचीच आहे, माझा वेग तिला झेपत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

सेहेचाळीस!!! सोप्यात जागा नव्हती, अंगणात खुर्च्या मांडल्या. एकीचं रक्त काढत दुसऱ्याला पत्रक समजावत होते आणि तिसऱ्याशी कन्नडमध्ये बोलत होते, तिन्ही एकदम, आणि तिन्ही बरोबर. मालुबाई मावशी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "दोन घास खाऊन घे गं, सकाळपास्नं उभीच हाईस." मी त्यांना मिठी मारली आणि गेले पुढच्याकडे. माझ्यासारखं काम या जिल्ह्यात कुणी केलेलं नाही. हे लिहून ठेवते कारण पुढे लोक विचारतील की सुरुवात कशी झाली.

७ जानेवारी

रविवारी घेतलेल्या रक्तात आप्पांची लेव्हल दोन पूर्णांक आठ आली. एवढ्या लेव्हलला माणूस बेशुद्ध पडायला हवा. मॅडमनी लगेच फोन करून त्यांना बेळगावला आणलं, भरती केलं, सलाईन लावलं, गोळी थांबवली. आप्पा म्हणत होते मला काही होत न्हाय, पण कोण ऐकतं. मालुबाई मावशी रडत होत्या.

मशीन खराब आहे. मी सरांना तसं सांगितलं, जोरात सांगितलं, सगळ्या लॅबसमोर.

७ जानेवारी, नंतर

मॅडमनी विचारलं, "पारमिता, ट्यूब कुठली होती?"

मी पेटी उघडली. हिरव्या झाकणांचा कप्पा सबंध भरलेला असायला हवा होता. एक कमी होती.

आज पुन्हा रक्त घेतलं, लाल झाकणात. शून्य पूर्णांक सहा. आप्पांना काहीच झालेलं नव्हतं. सगळं मी केलं.

९ जानेवारी

सरांनी घरी राहायला सांगितलंय. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

आज जांबोटीचा रविवार होता. गेले नाही. कुणाला कळवलंही नाही. लोक उपाशीपोटी येऊन बसले असतील.

२६ जानेवारी

अंघोळ नाही. आई केस विंचरून देते.

तीस गावांचा नकाशा मी काढला होता. मी.

३० जानेवारी

सगळ्यांना माझ्यापासून मोकळं करावं असं वाटतं. आई साठीची झाली, अजून माझ्या उशाला बसते. दादा दर संध्याकाळी गाडी काढून येतो. मी नसले तर ही माणसं झोपतील तरी. हे इतकं सरळ दिसतं की त्यात काही चूक सापडत नाही.

१२ फेब्रुवारी

दवाखान्यातून लिहितेय. आज पहिल्यांदा पेन मागितलं. नर्स म्हणाली काय लिहिणार, मी म्हटलं, जे झालं ते. वरचं ३० तारखेचं पान मी फाडणार होते. फाडलं नाही. त्या दिवशी ते खरं वाटत होतं, म्हणून राहू दे.

२ फेब्रुवारीचं लिहिते.

सकाळचे अकरा वाजले होते. आई भाजी आणायला खाली गेली होती. माझं ठरलं होतं. फोन वाजला. आप्पांचा. आधीही चार वेळा आला होता, मी घेतला नव्हता. पाचव्यांदा का घेतला सांगता येत नाही, आवाज बंद व्हावा म्हणून बहुतेक.

"पोरी, काय करालीस?"

"काही नाही."

"एक सरळ इच्यारतो. रागावू नगंस. मरायचं मनात येतंय काय?"

सहा वर्षांत मला हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता. सगळे बरं वाटतंय ना, जेवलीस ना, असं त्याच्या भोवतीनं फिरतात. मला रडू आलं.

"व्हय, आप्पा."

"आजच?"

"व्हय."

"बरं झालं सांगितलंस. आता फोन ठिवायचा न्हाय. दार उघड. भायर यिऊन बस, माणसं दिसत्यात तितं. बसलीस?"

मी गॅलरीत जाऊन बसले. अंगावर रात्रीचाच गाऊन होता. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या.

मग आप्पा बोलत राहिले. त्यांच्या म्हशीनं पारडाला पाजायला नकार दिला होता तर मालुबाई मावशींनी काय युक्ती केली, गुंजी स्टेशनवर आता कुठल्या गाड्या थांबत नाहीत, असलंच. मध्ये मध्ये "हाईस न्हवं?" विचारायचे. मला कळलं नव्हतं की पलीकडे मावशी दुसऱ्या फोनवरून दादाला आणि आईला फोन लावत होत्या.

मी म्हटलं, "आप्पा, माझ्यामुळं तुमचा जीव गेला असता."

"गेला न्हाय न्हवं? एक दिस दवाखान्यात झोपलो. उप्पीट बरं हुतं तितलं."

मी हसले की रडले, आठवत नाही.

"मला कवा कळलं सांगू?" म्हणाले. "त्या रविवारी लेव्हल इच्यारली, तवा तू ट्यूबा मोजत बोललीस. माझ्याकडं बघितलं न्हाईस. मी बी असंच मालूला फसवलं हुतं एकदा. गोळी सोडून मला वाटलं मी मोटा साहेब झालो, स्टेशन मास्तरला शिकवाय गेलतो. मग दोन म्हयन्यांनी भुईवर. तवाच तुला आडवाय पायजे हुतं मी. तुझा हुरूप बघून गप बसलो. ही माझी चूक."

आई जिना चढून आली तेव्हा भाजीची पिशवी तिच्या हातात नव्हती. खाली कुठेतरी टाकून आली होती. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या मनगटाला धरून राहिली, दादा येईपर्यंत. दादानं घरातलं जे जे धोक्याचं होतं ते उचलून गाडीत टाकलं आणि आम्ही इथे आलो.

आज कळलं, आप्पांचा नंबर आईनं डिसेंबरातच मिळवला होता. मॅडमनाही तिनं दोनदा फोन केला होता. मी तपासून घ्यायला यायला नकार देत होते, तर हातात फोन घेऊन ही बाई महिनाभर माझ्या मागे फिरत होती. मला वाटत होतं ती माझ्या वेगाला भितेय.

१५ फेब्रुवारी

हलगेकर मॅडम आज खुर्ची ओढून बसल्या.

"हात थरथरत होता हे मला का नाही सांगितलंस?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आणि मी काय करेन असं वाटलं?"

"गोळी चालूच ठेवायला सांगाल. हात तसाच राहील."

"डोस थोडा कमी केला असता. सगळा रात्री एकदम दिला असता. थरथर कमी करायची वेगळी साधी गोळी आहे, ती दिली असती. चहा किती पितेस ते विचारलं असतं. चार वाटा होत्या, पारमिता."

मी बोटांवर मोजलं. चहा दिवसाला आठ कप.

मग म्हणाल्या, "लिथियम नुसता मूड धरत नाही. जीव द्यायच्या ओढीला ते जेवढं आवरून धरतं तेवढं फार थोडी औषधं धरतात. आणि एकदम सोडलं की ती ओढ दुपटीनं परत येते. तुझ्या डिसेंबरातला आनंदही त्यातलाच आणि जानेवारीही त्यातलीच. तू आळशी नाहीस, वाईट नाहीस, तुझं औषध सुटलं होतं."

मी विचारलं, "म्हणजे जांबोटीचं सगळं आजारातलं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पहिली अकरा माणसं तुझी होती. सेहेचाळीस आजाराची."

५ मार्च

आज सरांना खरं सांगितलं. आजाराचं नाव, गोळीचं नाव, सगळं. दाराबाहेर आई उभी होती, मी बोलावलं नव्हतं तरी. सरांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आपल्याकडं महादेवला शुगर आहे, तो दुपारी इन्सुलिन घेऊन काम करतो. तुझं बी तसंच समजतो. पण इथून पुढं शीर दोनदा चुकली की तिसऱ्यांदा दुसऱ्यानं घ्यायची. आणि तुझ्या ट्यूबा दुसरं कोणीतरी तपासणार."

मी दोन्हीला होय म्हटलं. जिना उतरताना पायांत नाचायची इच्छा होती, नाचले नाही. आईच नाचल्यासारखी चालत होती.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून आई आणि मी सकाळीच वंदनेला गेलो. दादानं खीर वाटली. ढोल सुरू झाला तसं माझ्या आतही काहीतरी उसळलं आणि लगेच भीती वाटली, हा आनंद आहे की परत तेच? कोपऱ्यात जाऊन मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं: काल किती तास झोपलीस? मी लिहिलं, साडेसात. उत्तर: मग नाच.

नाचले!

२० एप्रिल २०२५, रविवार

परत जांबोटी! मॅडमनी आणि सरांनी मिळून अट घातलीय, दिवसाला बारा माणसं, फक्त लिथियमची, आणि सोबत महादेव. आज नऊ आली. भरमू मामांनी अंगण सारवून ठेवलं होतं. आप्पा रस्त्यावर उभे होतेच. मला बघून त्यांनी नुसती टोपी सरळ केली. आईला मात्र म्हणाले, "या आक्का, तुमचा आवाज लई ऐकलाय फोनवर, तोंड आज बघालोय."

सगळ्यांसमोर आधी माझं रक्त महादेवनं घेतलं. मी सांगितलं, "मी पण ह्याच गोळीवर आहे. मध्ये सोडली होती. फार वाईट झालं." सोप्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग एक म्हातारे म्हणाले, "आमाला वाटलं तुमी डाक्टरीनबाई." सगळे हसले आणि रांग सुरू झाली.

शेवटी नीलम आली. सव्वीस वर्षांची, वाडीतून चालत. गोळी सुरू होऊन तीनच आठवडे झालेत. रक्त महादेवनं घेतलं, मी अर्ज भरत होते. नाव, वय, गाव. मग खाली एक रकाना: अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं.

"नवरा?" मी विचारलं.

"ते गोव्याला असत्यात कामाला. त्यास्नी ठाव न्हाय."

"घरात?"

मान हलवली. बोट कोपराच्या आतल्या कापसावर दाबून बसली होती. बराच वेळ झाला तरी सोडेना. मग अगदी हळू म्हणाली, "आक्का, तुमचंच नाव लिवा की तितं."

माझं नाव! कुणाच्या तरी कागदावर, त्या रकान्यात! डिसेंबर असता तर मी उडी मारून लिहिलं असतं आणि तीस गावांतल्या तीस नीलमना वचन दिलं असतं. आजही हात पुढे गेलाच. लिहिलं. पारमिता, खाली फोन नंबर.

मग पेन थांबवलं. म्हटलं, "नीलम, मी बेळगावात असते. मला यायला तास लागतो, आणि मीही कधी आजारी असेन. एक नाव पुरत नाही. माझ्या वेळी आप्पा फोनवर होते, मावशी दुसऱ्या फोनवर होत्या, आई जिन्यात होती. आणखी एक सांग. जवळचं, चालत येईल असं."

"लोक काय म्हणत्याल?"

"लोकांना न्हाय सांगायचं. एकीला सांगायचं."

ती अंगणाकडे बघत बसली. आईनं तिच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि शेजारी बसली. निम्मे पोहे संपल्यावर नीलम म्हणाली, "नणंद हाय. कुसुम. माझ्यापक्षा ल्हान हाय, पण मला जीव लावती. खालच्या बागंत काजू येचाय गेल्याय."

"बोलवायचं?"

"आत्ता?"

"तू म्हणशील तेव्हा."

ती उठली. ओट्याच्या कडेवर उभी राहिली आणि उताराकडे तोंड करून हाक मारली, "कुसुऽऽम!" एवढ्या बारीक पोरीचा एवढा आवाज! दुसऱ्या हाकेला खालून उत्तर आलं. पाच मिनिटांत कुसुम धापा टाकत वर आली, परकर खोचलेला, बोटांना काजूच्या फळांचा पिवळा रस. रक्ताच्या ट्यूबा बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं गं वयनी?"

नीलमनं माझ्याकडे बघितलं. मी पेन खाली ठेवलं. तिनंच सांगायचं होतं.

"मला एक आजार हाय," नीलम म्हणाली. "खाली बस. सांगतो."

कुसुम बसली. मी अर्जावर दुसरं नाव लिहिलं आणि तिला विचारलं, "नंबर सांग गं तुझा."